घट्ट पाणी

दुधात पाणी घालणारे गवळी मी पुष्कळ पाहिले. पण पाणीच घट्ट करून पाजा म्हणणारे डॉक्टर भेटले ते आईला अर्धांगाचा झटका आल्यावर. पातळ पाणी फार घाईनं उतरतं आणि अशा आजाऱ्याच्या श्वासनलिकेत शिरतं म्हणे. घट्ट पाणी सावकाश सरकतं, गिळायला सवड देतं. तेव्हा पाण्यात घालायला एक पावडर आणली.

डबे-पुडे वाचायची मला जुनी खोड. हाही वाचला आणि मटकन बसलो. ग्वार गम! म्हणजे गवार! जी पानात दिसली की लहानपणी माझं पोट दुखू लागायचं आणि आई "एवढी संपव, मग ऊठ" म्हणत समोर ठाण मांडून बसायची, तीच ही.

चौकशी केली, तर गवारीनं मला कधीच गाठलं होतं. तिच्या वाळलेल्या बीच्या पोटात डिंक असतो. त्याची चमचाभर पूड पेलाभर गार पाण्याला दाट करून टाकते. आइस्क्रीमच्या डब्यावर ४१२ असा आकडा असतो ना, ती हीच. बर्फाचे खडे होऊ देत नाही. अमेरिकेतले तेलवाले खडक फोडायला जमिनीत पाणी सोडतात, त्यातही ही; वाळू भेगांपर्यंत वाहून न्यायला पाणी दाट लागतं. त्यापायी २०१२ साली भाव असा भडकला की मार्चमध्ये गवारीचे वायदेच थांबवावे लागले. राजस्थानचे शेतकरी तिच्यावर पैसे मिळवत होते आणि मी तिला पानाच्या कडेला सारत होतो!

असो. पहिल्या पेल्यात मी पावडर एकदम ओतली. गोळेच गोळे! चहाची गाळणी शोधू लागलो. आई पलंगावरून बघत होती. जीभ जड झालेली, पण उजवा हात शाबूत. तिनं हवेत चिमूट भुरभुरवली आणि मनगट गोल फिरवलं.

पिठलं! पीठ वैरायचं आणि ढवळायचं, हे का मला ठाऊक नव्हतं?

दुसरा पेला जमला. पाच मिनिटांनी चमचा तिच्या ओठांशी नेला, तर तिनं थेट माझ्यासारखं तोंड वाकडं केलं.

"आई, एवढं संपव, मग..." म्हणालो आणि जीभ चावली.

"...ऊठ," ती बोबडं बोलली, आणि तोंड उघडलं.