मनमाडऐवजी अबुधाबी

गाडी बदलण्याची धास्ती आम्हां परभणीकरांना नवी नाही. मीटरगेजच्या काळात सासरी निघालेली लेक मनमाडला उतरून मुंबईची गाडी धरीत असे. 1990च्या दशकात रूळ रुंद झाले. आता देवगिरी एक्सप्रेस थेट मुंबईला नेते. पण लेक अमेरिकेतल्या नवऱ्याकडे कायमची निघाली, की ‘मनमाड’ साता समुद्रांपार सरकते. स्थलांतराच्या व्हिसाची तपासणी तिथल्या पहिल्याच विमानतळावर होते. सामानही उतरवून घेऊन पुन्हा सोपवावे लागते. तेव्हा तिकीट सलग एकच काढावे, मधे तीन-चार तास ठेवावेत. अबुधाबीहून थेट अमेरिकेस जाणाऱ्या विमानाची तपासणी 2014पासून अबुधाबीतच उरकते; मग सवड तिथे हवी. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मनमाडला भाऊ सोबत असे. इथे पोर एकटी असते.