आंबा की रातांबा?

भात कापून झालं की वाडीखालच्या खाचरांचं मैदान व्हायचं. मैदान म्हणजे तीन कुणगे, मधले बांध पायांनी तुडवून बसवलेले, भाताचे खुंट तसेच टोचणारे आणि लेगला पऱ्या, म्हणजे ओढा. चेंडू पऱ्यात गेला की फलंदाज आउट, शिवाय चेंडू शोधून आणायचा तोही त्यानेच. उजेड मोजका असायचा. तरी त्यातला अर्धा तास संघ पाडण्यातच जायचा आणि आमच्यातल्या कित्येकांचा खरा जीव त्या अर्ध्या तासात अडकलेला असायचा.

दोन कॅप्टन. ज्याची बॅट तो एक, दुसऱ्यासाठी भांडण. बाकीच्यांनी जोड्या लावायच्या. साधारण एका ताकदीच्या दोघांनी खांद्यावर हात टाकून काजूच्या झाडामागे जायचं, कानात नावं ठरवायची आणि येऊन कॅप्टनांपुढे उभं राहायचं. ‘आंबा की रातांबा?’ ज्याची पाळी त्याने मागायचं. मागितला तो त्याचा, उरला तो दुसऱ्याचा. पुढच्या जोडीला मागायची पाळी दुसऱ्याची. पद्धत इतकी चोख होती की लबाडीला जागाच नको. पण जागा होतीच. आमच्या एका कॅप्टनने आपल्या दोस्तांना सांगून ठेवलं होतं की आंबट असेल ते नाव तुम्ही घ्यायचं. चिंच, आवळा, करवंद, रातांबा. समोरचा बिचारा दर वेळी गोड मागायचा आणि हरायचा.

हे मला कळलं याचं कारण मी कुठल्याच जोडीत नसायचो. वयाने लहान, अंगाने किडकिडीत, त्यात पोरं बहुधा विषम. जोड्या लागून मी उरायचो. मग मी कच्चा लिंबू. दोन्हीकडून फील्डिंग, बॅटिंग अंधार पडला नाही तर. हे १९८३ सालचं सांगतोय. कपिलच्या संघाने वर्ल्ड कप आणल्यानंतरची ती पहिलीच कापणी होती आणि वाडीतल्या प्रत्येकाला कपिल व्हायचं होतं.

उरलेल्याला दिसतं बरंच. दोन्ही कॅप्टन फलंदाजांसाठी हमरीतुमरीवर येत. वास्तविक बॅट फिरवणारे सातआठ जण होते, एक गेला तर तसाच दुसरा मिळाला असता. पण पऱ्याच्या काठावर उभा राहून चेंडू अडवणारा सबंध वाडीत एकच होता. काळा, बुटका, पायात काटा गेला तरी न थांबणारा. तो ज्याच्याकडे, त्याच्या बारा-पंधरा धावा वाचल्या म्हणून समजा. त्याला मात्र कुणी आधी मागत नसे. मला हे दिसायचं, पण कच्च्या लिंबाला विचारतो कोण?

पुढे वडिलांच्या दुकानात बसायला लागलो. हातखंबा तिठ्यावर स्पेअर पार्ट्सचं दुकान. एक रस्ता मुंबईकडून येतो, एक पालीवरून गोव्याकडे, तिसरा रत्नागिरीत उतरतो. तेव्हा या हमरस्त्याचा नंबर १७ होता, आता ६६ आहे. पहिल्या वर्षी मी फॅनबेल्ट, बल्ब, क्लच वायर असला रोज खपणारा माल भरून ठेवला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी एका जुन्या बनावटीच्या टेम्पोचे वॉटर पंपाचे दोन किट मागवले आणि वरच्या फळीवर टाकले. चार महिने त्यांवर धूळ बसली. मग ऐन मे महिन्यात, रात्री साडेनऊला, आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो दारात उभा राहिला, बॉनेटमधून वाफ निघतेय आणि ड्रायव्हर रडकुंडीला आलेला. वडिलांनी किट काढून दिलं, पैसे मोजून घेतले आणि मला म्हणाले, ‘‘फॅनबेल्ट त्याला सगळीकडे मिळाला असता.’’

२० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला, तेव्हा तिठ्यावर चर्चा एकच: माणसांची बोली लावतात म्हणजे काय! धोनी पंधरा लाख डॉलरला, म्हणजे सहा कोटींना, चेन्नईकडे गेला. एका संघाची थैली पन्नास लाख डॉलरची, त्यातला तीस टक्के पैसा एकाच माणसावर. दुकानात बसलेल्या सगळ्यांनी चेन्नईवाल्यांना वेड्यात काढलं. मी दुसऱ्या दिवशीचा पेपर पुढे ओढून हिशेब मांडला. सचिन, गांगुली, द्रविड, सेहवाग, युवराज हे आपापल्या शहराचे ‘आयकॉन’. त्यांना संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा पंधरा टक्के जास्त द्यायचे असा नियम. मुंबईने धोनीला पंधरा लाखांत घेतलं असतं तर सचिनला सव्वासतरा लाख मोजावे लागले असते. दोघांतच सव्वाबत्तीस लाख साफ. चेन्नईला आयकॉन नव्हताच. म्हणजे धोनी मुंबईसाठी सव्वाबत्तीस लाखांचा आणि चेन्नईसाठी पंधराचा. माल तोच, भाव दोन. दुसऱ्याचा खिसा कुठे फाटतो हे ज्याला ठाऊक, तो कुठवर ओरडायचं हेही जाणतो.

आणि त्या वर्षी कप नेला कोणी? सर्वांत कमी पैसे खर्च केलेल्या राजस्थानने, मूळ किमतीत मिळालेल्या शेन वॉर्नला कॅप्टन करून.

हे वारं गावात यायला काही वर्षं लागली. आधी आमच्या स्पर्धा वाडीविरुद्ध वाडी अशा असायच्या. मग मुंबईहून चाकरमानी पोरांनी कल्पना आणली: आठ संघमालक, प्रत्येकाला दहा हजार पॉइंट, बारा खेळाडू घ्यायचे, बेस प्राइस तीनशे. देवळाच्या सभामंडपात सतरंजी, माइक, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या. मी हौसेने एक संघ घेतला. पुकारणारा शाळेतला शिक्षक होता, आवाज खणखणीत: ‘‘सातशे एक वार, सातशे दोन वार...’’

मी बिलबुकाच्या मागच्या पानावर आठ रकाने आखून बसलो होतो. उधारीची वही सांभाळणाऱ्याला दुसरं काय सुचणार? पहिल्या खेळाडूवर जास्तीत जास्त किती लावता येतील? अकरा जागा तीनशेने भरायच्या म्हणजे ३,३०० राखून ठेवायचे, उरले ६,७००. असा प्रत्येक मालकाचा आकडा मी चिठ्ठीगणिक कमी करत गेलो. पहिल्या तासात सगळ्यांचे हात सैल होते, वाडीतला पोरगा निघाला की मालकाची छाती फुगायची आणि दोन हजार जायचे. दुसऱ्या तासात थैल्या बसल्या. मग मी बाहेर पडलो. ज्याला सकाळी दीड हजार आले असते, असे तीन जण मी साडेचारशे-पाचशेला उचलले. पऱ्याकाठच्या त्या बुटक्याची आठवण ठेवून एक फील्डरही घेतला. रात्री घरी आलो तेव्हा आपल्यासारखा धूर्त माणूस तालुक्यात नाही अशी माझी खात्री झाली होती.

स्पर्धा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. उचललेल्या तिघांपैकी एकाला मुंबईत साहेबाने रजा दिली नाही. दुसऱ्याचं तुतारी एक्सप्रेसचं तिकीट वेटिंगवरच राहिलं आणि तो एसटीने पोचला तेव्हा आमचे दोन सामने हरून झाले होते. तिसरा गावातच होता, पण त्याच्या मामेबहिणीच्या हळदीला सगळं घर गेलेलं. बॅट धरायला आला तो पिवळ्या हातांनी. आमचा संघ आठात आठवा. बाकीच्या मालकांनी हेच तिघे का सोडले होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. त्यांना मुंबईची खोली, साहेब, मुहूर्त सगळं माहीत होतं. मी रकाने आखत बसलो होतो. आता लिलावाआधी मी पंचांग पाहतो. मिरजोळे एमआयडीसीत कामाला जाऊन रात्री घरी परतणारा मध्यम बॉलर मला मुंबईच्या तोफेपेक्षा महाग वाटतो, आणि त्याची लाज वाटत नाही.

मधल्या काळात मोबाइलवर संघ लावायची साथ आली. शंभर क्रेडिटमध्ये अकरा जण, कॅप्टनला दुप्पट गुण, व्हाइस कॅप्टनला दीडपट. तिठ्यावरच्या टपरीवर टॉसनंतर पाच मिनिटं कोणी चहा पीत नसे, सगळ्यांची मान खाली. मीही लावले, थोडे गमावले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली आणि माना वर आल्या. मला त्यात कधी गोडी लागली नाही, ती पैशांपायी नव्हे. तिथे कोहली मीही घ्यायचा, तूही घ्यायचा, टपरीवाल्यानेही घ्यायचा. मी घेतला म्हणून तुझा गेला असं नाही. कोणी उरतच नाही. मग निवडलं ते काय?

भाचा न्यू जर्सीत असतो. कचेरीतल्या मित्रांबरोबर तो फँटसी बेसबॉल खेळतो. खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ, सबंध हंगामभर त्यांच्या खऱ्या कामगिरीचे गुण. ही कल्पना डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाची. १९८० साली न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच रोटिसरीत बसून त्याने मित्रांना पटवली, म्हणून खेळाचं नावच रोटिसरी पडलं. त्यात लिलाव असतो. २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू असा रिवाज. ओक्रेंटला स्वतःची लीग कधीच जिंकता आली नाही, हे ऐकल्यावर मला तो माणूस जवळचा वाटला. भाच्याच्या लीगमध्ये मात्र पाळीपाळीने मागायचं असतं. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांचा बारावा गडी फुटला.

‘‘मामा, तू ये ना. इंटरनेट आहे ना तिठ्यावर?’’

‘‘अरे, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही.’’

‘‘निवडण्यातलं कळतं ना?’’

त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. दुकानाचं शटर अर्धं वर करून, चहाचा ग्लास बॅटरीच्या खोक्यावर ठेवून मी फोनसमोर बसलो. वाट्याला शेवटचा, बारावा नंबर आला होता. पण क्रम सापासारखा वळतो: बारावा मागून झाला की तेरावाही माझाच, मग थेट छत्तिसावा आणि सदतिसावा. मधे बावीस जण जायचे. ओतानी पहिल्याच झटक्यात गेला, आदल्या वर्षी ५४ होमरन आणि ५९ स्टोलन बेसवाला, मग जज. त्याचं मला सुखदुःख नव्हतं. एकच प्रश्न: हे बावीस जण गेल्यावर कोणत्या जागेचा माल संपलेला असेल?

भाच्याने पाठवलेल्या यादीवर बोट फिरवत गेलो. आउटफिल्डवाले ढिगाने. पहिल्या बेसवाले पुष्कळ. कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, बॅट चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साठाव्या-एकसष्टाव्या पाळीला मी सिअॅटलचा कॅल रॅली घेतला. पडद्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. भाच्याने लिहिलं, मामा, घाई केलीस, हा पुढे वीस नंबरांनी मिळाला असता. असेल. पण खरं सांगायचं तर यादीत त्याच्या नावापुढे टोपणनाव होतं, ‘बिग डंपर’. ज्याचं अर्धं आयुष्य चिऱ्याच्या आणि खडीच्या डंपरांना ब्रेक शू विकण्यात गेलं, त्याने दुसरं कोणाला घ्यायचं? नाव कशावरून पडलं ते भाच्याने नंतर सांगितलं. बैठकीच्या भागाशी संबंध आहे, इतकंच लिहितो.

त्या हंगामात रॅलीने ६० होमरन मारले. कॅचरने एका हंगामात इतके कधीच मारले नव्हते. हसणारे चेहरे गायब झाले आणि पोरं मला ‘अंकल, हाउ डिड यू नो’ विचारू लागली. मी डंपरचं बोललो नाही. कॅचर उरत नाहीत, एवढंच म्हणालो. लीगमध्ये मी चौथा आलो. माझे दोन पिचर जूनमध्येच जायबंदी झाले. तिकडेही हळद असतेच, वेगळ्या रंगाची.

यंदाच्या लिलावात माझे रकाने पहिल्यांदा तंतोतंत जुळले. अकरा जण झाले, बाराव्यासाठी नेमके तीनशे उरले, डब्यात तीनच चिठ्ठ्या आणि त्यांतला एक बरा यष्टिरक्षक अजून निघायचा होता. पहिली चिठ्ठी निघाली, गेली. दुसरी शिक्षकाने उघडली, वाचली, चष्मा वर केला आणि पोरांकडे पाहिलं. मागच्या रांगेत खसखस पिकली. मग त्यांनी माझं नाव पुकारलं. वय बावन्न, उजव्या हाताचा, बेस प्राइस तीनशे.

सभामंडप हसून हसून पडायचा बाकी होता. ‘‘कोण घेणार?’’ शिक्षक शांतपणे म्हणाले. ‘‘तीनशे एक वार.’’ कोणी बोलेना. मी बिलबुकात पाहिलं. ‘‘तीनशे दोन वार.’’ मी हात वर केला.

‘‘चारशे,’’ खालच्या वाडीचा मालक म्हणाला.