पाण्याची वाट, उन्हाचा आकडा

महानगरपालिकेचे कागद वाचण्याचे शिक्षण आम्हांस सेमिनरीत कोणी दिले नव्हते. तेथे तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, लॅटिनचे चार धडे गिरवले. परंतु विकास आराखड्याच्या नकाशावरील रंग कशाचे, आरक्षण म्हणजे काय, अर्थसंकल्पातले लेखाशीर्ष कशाशी खातात, हे सारे धर्मगुरू झाल्यावर लोकांच्या अडचणींमागे धावता धावता शिकावे लागले. अलीकडे या कागदांत एक नवा शब्दप्रयोग वारंवार डोकावू लागला आहे: 'हवामान बदलाशी अनुकूलन'. शब्द जड आहे. सभेत उच्चारला की मागच्या बाकावरील मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. त्यातील आशय मात्र कोणाही गृहिणीला कळावा इतका सरळ आहे. धूर कमी करणे, कोळसा कमी जाळणे हे एक काम. ते जगातल्या सरकारांनी व कारखानदारांनी मिळून करावयाचे आहे आणि त्यास वेळ लागणार. तोवर जो पाऊस पडणारच आहे आणि जे ऊन तापणारच आहे, त्यात माणसे जगावीत अशी गावाची मांडणी करणे हे दुसरे काम. नाले, रस्ते, दवाखाने, उद्याने आणि बांधकामाचे परवाने ज्याच्या हाती आहेत, त्यालाच ते करता येईल. म्हणजे पालिकेला.

पाऊस बदलला आहे हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तरी आकडा ठाऊक असलेला बरा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो, त्यावरची हवा अधिक बाष्प उचलते आणि ते एकदम रिते होते. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत, आणि पुढे तीन आठवडे कोरडे आभाळ, असे आता पुष्कळदा घडते.

आराखड्यांविषयी आपल्या लोकांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही, हे आम्ही जाणतो. जाडजूड अहवाल येतो, मुखपृष्ठावर हिरवे झाड असते, पुढे कपाट. म्हणून ज्या आराखड्याने खरोखर माणसे वाचवली, त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते. हे गाव फार दूरचे नाही. आपल्या विरारवरून जाणाऱ्या गाड्या तेथेच जातात.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात, इतर वर्षांच्या मे महिन्यांच्या मानाने, शहरात १,३४४ मृत्यू अधिक झाले. हा आकडा त्या वेळी कोणाच्याही डोळ्यांपुढे नव्हता, कारण ऊन लागून मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर 'ऊन' असे क्वचितच लिहिलेले असते. हृदयविकार लिहिलेला असतो, मूत्रपिंड लिहिलेले असते. पुढे अभ्यासकांनी पालिकेच्या मृत्युनोंदी वर्षावर वर्ष ठेवून ताडून पाहिल्या, तेव्हा तो महिना डोंगरासारखा वर आला. मृत्यूच्या नोंदवह्या आम्हीही सांभाळतो. त्या वह्या अशा रीतीने वाचता येतात, हे वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलो होतो.

२०१३ साली अहमदाबाद महानगरपालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या व इतरांच्या साहाय्याने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. दक्षिण आशियात तो पहिलाच. त्यातील मुख्य गोष्ट पैशाची नव्हे, यंत्राचीही नव्हे. त्यात अंश ठरवले आणि त्या अंशाला कोणी काय करावयाचे ते ठरवले. ४१ च्या वर पिवळा इशारा, ४३ च्या वर नारिंगी, ४५ ला लाल. इशारा निघाला की पालिकेचा एक नेमलेला अधिकारी इतर खात्यांस कळवतो. त्यानंतर कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दवाखान्यांत बर्फाची व सलाइनची तयारी, पाणपोया, मोबाइलवर संदेश, उद्यानांची दारे दुपारीही उघडी. शारदाबेन रुग्णालयात नवजात अर्भकांचा कक्ष इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला, आणि उन्हाने आजारी पडून दाखल होणाऱ्या अर्भकांची संख्या घटली. कक्ष खाली आणावयास कोणते तंत्रज्ञान लागले? पुढे झोपडवस्त्यांतील छपरांवर पांढरा चुना फासण्याचे काम निघाले. आराखड्यानंतरच्या वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या एका अभ्यासाने वर्षाला सरासरी अकराशेहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज दिला आहे.

याउलट १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर काय झाले, ते सर्वांस ज्ञात आहे. पुरस्काराचा सोहळा, लाखोंची गर्दी, भर दुपार, डोक्यावर छप्पर नाही. चौदा माणसे उष्माघाताने गेली. तेथे पारा अहमदाबादेइतका चढलेला नव्हता. समुद्रकाठी घाम वाळत नाही, शरीर निवत नाही. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी प्रदेशास ४० अंशांपासून लावते, तर किनारपट्टीस ३७ पासून. तेव्हा अहमदाबादेचे अंश वसईस उसने आणता येणार नाहीत. आपला आकडा आपल्या पालिकेला आपल्याच मृत्युनोंदींतून काढावा लागेल. तो काढला म्हणजे मग शाळांच्या वेळा, नाक्यावरच्या मजुरांची सावली आणि (हे थोडे घरातले) आपल्या सणांच्या उघड्यावरील मिरवणुकी व क्रूसाच्या वाटेच्या वेळा यांविषयी त्या आकड्यासमोर बसून बोलता येईल.

उन्हाचे इतके पुरे. आपल्या भागाचे मुख्य दुखणे पाणी आहे.

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी, चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती एकत्र करून स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, आणि मधोमध दक्षिणोत्तर रेल्वेचा भराव. डोंगरावरचे पाणी समुद्राकडे जावयाचे तर त्या भरावाखालील मोऱ्यांतूनच जाणार. मोऱ्यांच्या पुढे पूर्वी खाजण होते, मिठागरे होती, भाताची शेते होती. भरतीची वेळ असली तर पाणी तेथे पसरून थांबे व ओहोटीला निघून जाई. आता त्या थांब्यावर इमारती उभ्या आहेत. जुलै २०१८ मध्ये पाणी जुन्या वाटेने आले आणि थांबावयास जागा न मिळाल्याने घरांत थांबले. वडोदरा एक्सप्रेस नालासोपाऱ्याजवळ अडकली, मिठागरांत शेकडो कामगार अडकून पडले, कित्येक वस्त्यांत दिवसेंदिवस वीज नव्हती.

त्या दिवसांत आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथील सभागृह लोकांसाठी उघडले होते. तरुण मंडळी कमरेइतक्या पाण्यातून भाताचे डबे नेत होती. तिसऱ्या दिवशी एका मुलाने विचारले, "फादर, मागच्या चाळीतल्या त्या आजीला कोणी पाहिले का?" कोणालाच सांगता येईना. चौघे दोरी घेऊन गेले. आजी विटांवर चढवलेल्या खाटेवर बसून होती, औषधांची पिशवी गळ्यात बांधून. भाषा तेलुगू, शेजारी गावी गेलेले. ती सुखरूप आली, हे देवाचे देणे. मात्र ती आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत नव्हती, सोसायटीच्या यादीत नव्हती, कारण चाळीला सोसायटीच नव्हती. पाणी ज्यांच्या घरात प्रथम शिरते, तीच माणसे बहुधा कोणत्याही यादीत नसतात. त्यानंतर आमच्या तरुणांनी शाळेच्या वहीत गल्लीवार नोंद केली: तळमजल्यावर कोण राहते, अंथरुणाला खिळलेले कोण, गर्भवती कोण, डायलिसिसला कोण जाते. जात-धर्म लिहावयाचा नाही, असे त्यांनी आपणहून ठरवले. आमच्या मते पालिकेच्या अनुकूलन आराखड्याचे पहिले पान अशा वहीसारखे असावे. नकाशे त्यानंतर.

त्या पुरानंतर पालिकेने नीरी आणि मुंबईच्या आयआयटीतील तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली. समितीने सुचवलेल्या उपायांत पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवणारी तळी, ज्यांस धारण तलाव म्हणतात, ती होती. हे वाचले आणि आम्हांस हसूही आले व वाईटही वाटले. वसईच्या माणसाला धारण तलाव नव्याने शिकवावा लागावा! बावखल म्हणजे दुसरे काय? वाडीच्या कडेला खणलेले तळे, त्यावर एकेकाळी रहाट, पावसाळ्यात चहूकडचे पाणी पोटात घेणारे, उन्हाळ्यात केळी-पानवेली जगवणारे, विहिरींचे पाणी गोडे राखणारे. पाहुण्यांच्या तोंडून ऐकल्यावाचून घरच्या वस्तूची किंमत कळत नाही म्हणतात, म्हणून एक परदेशी दाखला देतो. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे २ जुलै २०११ रोजी दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. पुढच्याच वर्षी तेथील नगर परिषदेने ढगफुटीचा आराखडा मंजूर केला: सुमारे ३०० कामे, वीस वर्षांचा कालावधी, खर्चाचा मोठा हिस्सा नागरिकांच्या पाणीपट्टीतून. एंगहेव्हपार्कन नावाच्या जुन्या बागेची त्यांनी अशी पुनर्रचना केली की एरवी तेथे मुले खेळतात, आणि ढगफुटी झाली की बागेत २२,६०० घनमीटर पाणी मावते. श्रीमंत शहराने भरपूर पैसे खर्चून बांधलेले ते बावखलच आहे.

मुंबईलाही हे उशिरा का होईना उमगले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली. ती क्षमता दुप्पट करावी असा अहवाल १९९३ सालीच तयार होता! आता हिंदमाताचे पाणी धरण्यासाठी परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली टाक्या बांधल्या आहेत. मार्च २०२२ मध्ये मुंबईने आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते जून २०२४ मध्ये मांडलेले तिचे पहिले हवामान अंदाजपत्रक. कोणत्या खात्याने कोणत्या कामास किती रक्कम ठेवली, ते त्यात पाहावयास मिळते. आराखडा म्हणजे इच्छा. लेखाशीर्ष मिळाले की तिला पाय फुटतात. आपल्या पालिकेलाही कायद्याने दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल सादर करावा लागतो. तो अहवाल आणि अंदाजपत्रक ही दोन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचणारे पाच-सहा प्रापंचिक प्रत्येक धर्मग्रामात असले, तर नगरसेवकांशी बोलणे बरेच सोपे होईल. आपल्यात निवृत्त बँक अधिकारी कमी का आहेत?

आता थोडे अप्रिय. बावखले बाहेरच्या माणसांनी बुजवली असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. पुष्कळ ठिकाणी सातबाऱ्यावरचे नाव आपलेच होते. परंतु यासाठी व्यासपीठावरून कोणास दटावणे आम्हांस पटत नाही. गेल्या वर्षी एक वाडीवाले सद्गृहस्थ भेटावयास आले. त्यांच्या वाडीत अर्ध्या एकराचे बावखल आहे; विकासकाने रक्कम सांगितली आहे; मुलगी नर्सिंगला आहे. ते म्हणाले, "फादर, माझं बावखल सगळ्या आळीचं पाणी घेतं, हे मला माहीत आहे. पण फी सगळी आळी भरत नाही." यावर आमच्याजवळ उपदेश नव्हता. पालिकेजवळ मात्र उत्तर असू शकते. आरक्षणाखालील जमिनीच्या मालकास टीडीआर देता येतो. मग पाणी धरणाऱ्या बावखलास तसे संरक्षण व मोबदला का नसावा? निदान मालमत्ता करात सूट, गाळ काढण्याचा खर्च, वर्षाला ठराविक मानधन. पाणी उपसावयाच्या पंपांवर दर पावसाळ्यात जे खर्च होते, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. आळीतल्या बावीस घरांच्या सह्यांनिशी असे निवेदन आम्ही प्रभाग समितीकडे दिले आहे, सोबत त्या बावखलाची लांबी, रुंदी, खोली आणि तीत मावणाऱ्या पाण्याचे माप जोडून. माप घेण्यास त्या गृहस्थांचीच मुलगी सुट्टीत टेप धरून उभी होती.

निवेदनाची पोच मिळाली आहे. विकासकाचा माणूस महिन्यातून एकदा येऊन जातो. बावखल यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात काठोकाठ भरले, आणि मुलीची पुढच्या वर्षाची फी जानेवारीत भरावयाची आहे.