आठ आवाज, डावा पाय!

शनिवारी सकाळी सात वाजता बाणेरमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये या. आदल्या रात्री कुणाच्या तरी पोराचा बर्थडे झालेला असतो. छताला दोन-तीन फुगे चिकटलेले असतात आणि फरशीवर केकचं क्रीम हमखास सापडतं. ते पुसायचं, खुर्च्या भिंतीला लावायच्या, स्पीकर खिडकीपासून लांब ठेवायचा (पहिल्या मजल्यावरचे काका, दुसरं काय!) आणि आरशासमोर उभं राहायचं. पुढचा एक तास मी इथली ‘मॅडम’. सोमवार ते शुक्रवार मात्र हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारी. स्वतःची चूक सापडायला मला दोन वर्षं लागली, आणि त्यासाठी चार तास गाडी चालवत सांगली जिल्ह्यात जावं लागलं.

डान्स फिटनेस म्हटलं की लोकांना वाटतं, गाणं लावायचं आणि नाचायचं. बाहेरून तसंच दिसायला हवं, तोच तर फंडा आहे! आतून मात्र सगळा हिशोब. आपली बहुतेक फिल्मी गाणी आठ-आठच्या मोजणीत बसतात. असे चार आठ जोडले की बत्तीस मात्रांचा एक तुकडा होतो. कडव्याला एक स्टेप, ध्रुवपदाला दुसरी, मधल्या म्युझिकला तिसरी. ध्रुवपद परत आलं की स्टेपही तीच परत. त्यामुळे गाणं ओळखीचं असलं की शरीराला पुढचं आपोआप कळतं. स्टेप बदलायच्या आधी चार मात्रा हातानं खूण करायची, कारण बरोबर बदलाच्या क्षणी ओरडून काही उपयोग नसतो, तोवर लोक चुकलेले असतात. वर्गाकडे तोंड करून उभं राहिलात तर तुमचा डावा पाय म्हणजे त्यांचा उजवा. एक दमवणारं गाणं झालं की एक श्वास घेऊ देणारं. तासाला साधारण बारा ते पंधरा गाणी, पहिलं अंग मोकळं करायला, शेवटचं शांत व्हायला.

हे सगळं मी कोर्समध्ये शिकले होते. सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय घरी. आणि तरीही माझी गाडी घसरली, कारण मला बोअर व्हायला लागलं होतं. तेच चार कोपरे, तेच मागे-पुढे. मग शुक्रवारी रात्री अकराला हॉलमधला टीपॉय सरकवून मी नवीन नवीन प्रकार बसवायला लागले. गिरकी, गिरकीत हात, हातात पुन्हा खांद्याचा झटका. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, बघायचा, स्वतःवरच खूष व्हायचं. २०१६ साली ‘सैराट’ आल्यापासून ‘झिंगाट’शिवाय कुणाचा क्लास सुटत नाही. मी तर त्याचंही असं काही करून ठेवलं की ज्या गाण्यावर अख्खा महाराष्ट्र न शिकवता नाचतो, त्या गाण्यावर माझ्या क्लासमधले लोक उभे राहून माझ्याकडे बघत बसले.

क्लासला अठ्ठावीस जण होते. मार्चपर्यंत तेरा उरले. व्हॉट्सअॅपवर कारणं सगळी सज्जन. गुडघा दुखतोय, ऑडिट आहे, मुलांची परीक्षा. तुम्हीही जिमला अशीच कारणं दिली असतील, मला माहीत आहे.

त्या पंधरांमध्ये एक माझी आई होती.

बाबा गेल्यावर आई गावाकडून माझ्याकडे राहायला आली. एकसष्ट वय, साखर वाढलेली, डॉक्टरांनी रोज घाम निघेल असं काहीतरी करा म्हणून सांगितलेलं. ती पार्किंगमध्ये तीन चकरा मारायची आणि वॉचमनशी गप्पा मारून वर यायची. माझ्या खूप मागे लागण्यावरून एका शनिवारी आली. पंजाबी ड्रेस, नवे कोरे बूट. सगळ्यात मागे, खांबाच्या आडोशाला उभी राहिली. पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्यात हात सुटले. तिसऱ्यात मी गिरकी घेतली, आरशात पाहिलं, तर आई एकटीच उलट्या दिशेला तोंड करून उभी. कुणीतरी हसलं, वाईट हेतूनं नव्हे, पण हसलं. चौथ्या गाण्याला ती नव्हती. घरी गेले तर म्हणाली, “दूध गॅसवर ठेवलं होतं गं.” दूध फ्रिजमध्ये होतं.

मी काही बोलले नाही. तीही नाही. पुढचा महिनाभर आमच्या घरात ‘क्लास’ हा शब्द कुणी काढला नाही.

अशा वेळी आपण काय करतो? इंटरनेटवर वाचत बसतो. तिथे मला जुडी शेपर्ड मिसेट भेटली. १९६९ सालची गोष्ट. शिकागोजवळच्या एव्हन्स्टनमध्ये ती जॅझ डान्स शिकवायची, अगदी शिस्तीत, प्रोफेशनल डान्सर घडवायचे असल्यासारखं. बायका यायच्या आणि गळायच्या. तिनं विचारलं तेव्हा कळलं की त्यांना डान्सर व्हायचंच नव्हतं, डान्सरसारखं दिसायचं होतं. मग तिनं काय केलं, तर वर्गाची पाठ आरशाकडे केली, स्टेप सोप्या केल्या आणि मजा आणली. त्यातून ‘जॅझरसाइज’ उभं राहिलं. झुम्बाची गोष्ट तर क्लासला जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते: कोलंबियातला बेटो पेरेझ एकदा एरोबिक्सची कॅसेट विसरला आणि बॅगेतल्या साल्सा-मेरेंगेवर वेळ मारून नेली. आता वाटतं, मला ही गोष्ट पाठ होती, पण त्यातली मेख कळली नव्हती. त्यानं गाणी नवी आणली नव्हती, त्याच्या लोकांची स्वतःची गाणी आणली होती.

हे सगळं तेव्हा डोक्यावरून गेलं. एप्रिलमध्ये गावची जत्रा होती आणि आईला न्यायचं होतं, एवढंच काम होतं.

नवले पूल, कात्रजचा बोगदा, शिरवळला चहा, खंबाटकीचा चढ, सातारा, कराड. पेठ नाक्याला हायवे सोडला की वाळवा तालुक्याचा रस्ता लागतो आणि दोन्ही बाजूंना रानं सुरू होतात. ऊस तुटून गेलेला, खोडव्याला हिरवे कोंब फुटलेले. पुण्यापासून गप्प बसलेली आई इथून पुढे बोलायला लागते, हे माझं नेहमीचं निरीक्षण. ही विहीर कुणाची, तो वाटा कुणी विकला, सगळा सातबारा तोंडपाठ.

संध्याकाळी शाळेच्या मैदानात पोचलो तर लेझमीची तालीम चालू होती. दुसऱ्या दिवशी पालखीपुढे खेळायचं होतं. मामा सत्तरीचा, गळ्यात शिट्टी, डोक्याला टॉवेल. एका बाजूला हलगी, घुमकं आणि कैताळ. समोर साठेक माणसं. त्यात चौथीतली पोरं होती, पोट सुटलेले दूध संघातले कर्मचारी होते, मुंबईहून सुट्टीला आलेले होते, आणि एक आजोबा असे की त्यांना नीट वाकताही येत नव्हतं. हलगी कडाडली आणि साठ लेझमी एकदम वाजल्या. एकही माणूस मागे नव्हता. माझ्या क्लासला तेरा जण असतात आणि तिघं कायम वेगळ्याच गाण्यावर!

मी शाळेत लेझीम खेळलेय. तुम्हीही खेळला असाल, पंधरा ऑगस्टच्या आधी आठ दिवस, पीटीच्या तासाला, हाताला फोड येईपर्यंत. चार आवाज, आठ आवाज, आगे फलांग, पिछे फलांग. तेव्हा ते शिक्षा वाटायचं. त्या संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसून मी बोटांवर मोजायला लागले आणि चक्रावले. आठ आवाज म्हणजे माझेच आठ! लेझीम म्हणजे मुळात तालमीतलं कसरतीचं साधन, दोरीऐवजी साखळी लावलेलं धनुष्य. शब्दही फारसीतून आलेला. व्यायाम आणि ताल यांचं लग्न आपल्याकडे केव्हाच लागलंय आणि मी ते सर्टिफिकेटच्या फ्रेममध्ये शोधत होते.

तासभर मी मामाकडेच बघत होते. तो प्रत्येक अवघड प्रकारानंतर सगळ्यांना साध्या चार आवाजांवर परत आणत होता. तिथे श्वास मिळायचा, चुकलेला सापडायचा, आणि मग पुढचा प्रकार. बदलाच्या आधी तो नाव पुकारायचा, पण शिट्टी थोडी मागाहून, म्हणजे माणसाला मनातल्या मनात तयार व्हायला जागा. पाय बदलायचा असेल तर हात तोच ठेवायचा, हात बदलायचा असेल तर पाय जागेवर. दोन्ही एकदम कधीच नाही. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे नवखा माणूस शेवटी नाही. तो दोन जुन्यांच्या मध्ये.

“शेवटी हुबा केला तर त्यो बघनार कुनाकडं?” मामा म्हणाला. “आवाज चुकला तर चालतंय. रांग सुटली नाय पायजे.”

मला खांबामागची आई आठवली. तिला तिथे उभं राहू देणारी मीच.

“तुझी आई काय कमी नव्हती बरं का,” मामा पुढे म्हणाला. “नववीत असताना मुलींच्या रांगेत पैली. तालुक्याला गेलती खेळायला.” हे मला तेहेतिसाव्या वर्षी कळत होतं. मी वळून पाहिलं तर आई कट्ट्यावर नव्हतीच. मैदानाच्या कडेला चुलत बहिणींच्या घोळक्यात उभी होती, कुणाच्या तरी पोराची लेझीम हातात घेऊन. पदर खोचला, चप्पल काढली. सुरुवातीला नुसती वाजवून पाहिली, साखळीचा अंदाज घेत. मग वाकली. एक, दोन, तीन, चार. साखर, गुडघा, बाबा, बाणेर, काही नव्हतं तिच्या अंगावर. दोन-तीन मिनिटंच खेळली असेल. दम लागला तशी हसत खाली बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तू डावा पाय उशिरा टाकतेस. क्लासातपण.”

अर्थात, पुण्याला परतल्यावर मी जे केलं तो सपशेल मूर्खपणा होता. गावाहून वीस लेझमी डिकीत घालून आणल्या. बंद क्लबहाउसमध्ये वीस लेझमी वाजल्या तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकांनी थेट सेक्रेटरीलाच खाली आणलं, आणि दिवसभर माउस धरणाऱ्या आमच्या आयटीवाल्यांची मनगटं सोमवारी कीबोर्डवर उठेनात. एकानं तर बॉसला कारण ‘लेझीम इंज्युरी’ असं लिहून पाठवलं. वीसच्या वीस लेझमी आता माझ्या बाल्कनीत आहेत, घ्यायच्या असतील तर सांगा.

लेझमी गेल्या, मामाचा हिशोब राहिला. सगळी कोरिओग्राफी पाडून पुन्हा बांधली. आता प्रत्येक गाण्याला एक ‘चार आवाज’ असतो, म्हणजे एक साधी, कुणालाही जमेल अशी चाल, आणि प्रत्येक उड्यागिरक्यांच्या तुकड्यानंतर आम्ही तिथे परत येतो. शुक्रवारी रात्री मी व्हिडिओ काढत नाही. स्टेप बसवते, मग नवे बूट घालून खांबाच्या मागे उभी असल्यासारखी करून बघते. तिथून जमली तरच ठेवते. माझी लाडकी गिरकी गेली. जीव तुटला, खोटं कशाला बोलू! आरशाला पडदा लावलाय, मी वर्गाकडे तोंड करून उभी राहते आणि डावं-उजवं उलटं करता करता आजही चुकते. नवीन माणूस आला की त्याला दुसऱ्या रांगेत, दोन जुन्यांच्या मध्ये. काहींना हे आवडलं नाही. दोन मुली ‘चॅलेंजिंग नाही’ म्हणून सोडून गेल्या. त्यांचं चूक नाही, त्यांना दुसरा क्लास हवा होता. सध्या आम्ही बावीस आहोत.

आईला मी ये म्हटलं नाही. जूनमधल्या एका शनिवारी आपणहून आली, डी विंगमधल्या एका काकूंना बरोबर घेऊन. मी तिला दुसऱ्या रांगेत जागा केली. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि काकूंना मध्ये घालून स्वतः त्यांच्या बाजूला उभी राहिली. जुन्या माणसाच्या जागी! हलगीचा ठेका असलेलं गाणं लागलं तेव्हा मी मोजणी विसरले, कारण तिच्याकडे बघत होते. सगळा वर्ग बरोबर, मी एकटी चुकलेली. “रांग!” आई जोरात ओरडली, आणि बावीस जण हसले.

घरी येताना लिफ्टमध्ये म्हणाली, हात रिकामे रिकामे वाटतात. मग मी पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या हातात द्यायला सुरुवात केली. दुसरं काही सुचलं नाही. पुढच्या शनिवारी मोरचाल घ्यायची ठरवलीये. आईचं म्हणणं, आधी मला ती नीट यायला हवी. त्यामुळे आज रात्री टीपॉय तिनंच सरकवलाय.