सांध्यांत सिमेंट नको

मराठवाड्यात काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की ते हेमाडपंती ठरतं. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची मंदिरं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, म्हणजे ज्याच्या नावावरून हा शब्द आला त्या तेराव्या शतकातल्या हेमाद्रीच्या आधीची. पण या ढोबळ नावामागे लोकांनी हेरलेली एक खूण पक्की आहे, ती म्हणजे चुन्याशिवायची रचाई. या देवळांचा वारसा सुरसुंदरींच्या मूर्तींइतकाच त्या कोरड्या सांध्यांत आहे, आणि जीर्णोद्धारात पहिला घाव त्यांच्यावरच बसतो.

निलंग्याच्या नीलकंठेश्वराचं विधान तारकाकृती आहे. एका मंडपाला तीन गाभारे: एकात शिवपिंडी, एकात हरगौरी, एकात विष्णू. भिंतीचे कोन सतत आतबाहेर होतात, त्यामुळे शिल्पांवर ऊन-सावली खेळते हे खरंच, पण घड्यांमुळे भिंतीला ताठपणाही येतो. अशा मंडपांच्या छताची रीत पाहण्यासारखी असते. बेसॉल्ट दाब कितीही सोसतो, वाकवलं की मात्र तडकतो. म्हणून लांब तुळई टाळायची. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवले की आत फिरलेला लहान चौकोन उरतो, त्यावर पुन्हा तेच, आणि शेवटची फट एका कमळाच्या शिळेने मिटते. सगळा भार थेट खांबांवर उतरतो. इथे दगडाला दगड धरतो तो वजनाने आणि घडाईने. सांध्यात सिमेंट भरलं की दगडांची किंचित हलण्याची मोकळीक संपते. पुढे ते काढायला गेलं की दगडाची कडच निघून येते. वर गळतीसाठी काँक्रीटचा स्लॅब टाकला की खांबांवर नवा भार.

यावर कोणी म्हणेल, १९९३च्या भूकंपात किल्लारी परिसरातली दगडी घरंच जीवघेणी ठरली, मग दगडाचं कौतुक कशाला? ती घरं पडली ती अनघड दगड, मातीचा गिलावा आणि डोक्यावरच्या जड माळवदामुळे. दोष जोडणीचा आणि वरच्या वजनाचा होता, म्हणून तर देवळावर स्लॅब नको. उलट, निलंग्याचं देऊळ उभं राहिलं म्हणून ते भूकंपरोधक, हेही मी म्हणणार नाही. अंतर आणि जमीन यांचाही त्यात वाटा असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे नांदतं देऊळ आहे, संग्रहालय नव्हे, आणि पावसात पिंडीवर पाणी ठिबकतं ते गावाला खुपतं. बरोबर. पण त्यासाठी छतावरचा पिंपळ मुळासकट काढावा, वरच्या थराचा उतार चुन्यात नीट करावा, सरकलेले दगड क्रमांक टाकून उतरवावेत आणि त्याच जागी बसवावेत. पूजेला यात अडथळा येतो तो काही महिन्यांचा. आवारातली फरशी मात्र आधी उकरावी लागेल. दर दुरुस्तीला ती चढत गेली, जोत्याचे थर गाडले गेले, आणि पाणी आता देवळाकडेच वाहतं.