बालाघाटच्या उतारावरील गारा
(प्रवासाची दैनंदिनी : लेखांक तिसरा)

परंडा, सोमवार, मार्च २०१४

फेब्रुवारीच्या अखेरीपासून महाराष्ट्रभर थैमान घालणाऱ्या गारपिटीने काल या कसब्यालाही गाठले. आज किल्ल्याचा खंदक पाहिला, तो दक्षिणेच्या तटाखाली नुसता चिखल आणि उत्तरेच्या तटाच्या छायेत मात्र गारांचा शुभ्र पट्टा शाबूत! येथील अक्षांश सुमारे १८ अंश असल्यामुळे विषुवदिनाच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य ७२ अंश उंच चढतो, आणि तटासारखा खडा आडोसा नसेल तर दोन्ही बाजूंच्या उतारांना जवळजवळ सारखेच ऊन लाभते. हिमालयात हिवाळ्याचा सूर्य कलता राहतो, म्हणूनच तेथे दक्षिणाभिमुख उतार मोकळे होऊन कित्येक दिवस लोटले तरी समोरचे उत्तराभिमुख उतार हिमाच्छादितच असतात.

भूम, मंगळवार

बालाघाटच्या माळावर पसरलेल्या गारा नाहीशा झाल्या होत्या. पण लोंढ्याने ओघळीत लोटलेले त्यांचे ढीग टिकून होते. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते आणि ढिगाला ती केवळ पृष्ठभागावरूनच मिळते. शुभ्र गार बहुतेक प्रकाश परतवते, चिखलाने माखलेली तो शोषून लवकर विरते. मात्र गाळाचा थर जाड असला की तोच तिचे रक्षण करतो. ओल्या कडब्याखाली तर मला आज दुपारीही अखंड गारा सापडल्या.

बांधावर बसलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “उन्हानं न्हाई दादा, रातच्या ओल्या वाऱ्यानं निम्म्या गारा खाल्ल्या.” हे निरीक्षण मला मोलाचे वाटते, कारण दमट वाऱ्यातील एक ग्रॅम बाष्प गारेवर द्रवरूप होताना सुमारे ६०० कॅलरी सोडते, म्हणजे सात ग्रॅमांहून अधिक बर्फ वितळवण्याइतकी उष्णता, आणि ही क्रिया सूर्य मावळला म्हणून थांबत नाही.

वाशीच्या वाटेवर, बुधवार

गारा कोठेच उरल्या नाहीत. शाळू आडवा पडला आहे, हरभऱ्याचे घाटे मातीत मिसळले आहेत, आणि तलाठी पंचनाम्याचे कागद घेऊन बांधाबांधाने फिरत आहेत. उघड्या माळावरील गार काही घटकांत विरली, ओघळीकाठच्या पिकाच्या मुळाशी मात्र ती दुसऱ्या दिवसापर्यंत गारठा धरून होती. तेव्हा गारा किती वेळ साचून राहिल्या याची नोंद प्रत्येक गटाच्या पंचनाम्यात व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. पुरावा पाण्याबरोबर वाहून गेल्यावर ती नोंद कोणत्याही दप्तरातून मिळणार नाही, म्हणून आज भेटलेल्या शेतकऱ्यांना मी ती वेळ आपल्या जबाबात आवर्जून सांगण्याची विनंती केली.