मांडी किती खाली?

मागच्या वीकेंडला नागपूरहून घरी, गोंडपिपरीला गेलो होतो. मोहाचे दिवस. दुपारी बाहेर पाऊल ठेववत नाही, म्हणून मोबाइलवर फिगर स्केटिंग बघत पडलो होतो. (हो, गोंडपिपरीत! आमच्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो. :))

एक मुलगी सिट स्पिन करत होती. म्हणजे एका पायावर खाली बसून गरागरा फिरायचं, दुसरा पाय पुढे लांब. १९व्या शतकातल्या जॅक्सन हेन्स या अमेरिकन स्केटरची ही करामत. मला तर झकास वाटलं, पण कॉमेंट्रीवाला म्हणाला, बैठक पुरेशी खाली नाही.

आता पुरेशी म्हणजे किती? सवयीप्रमाणे नियम शोधला. आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनची व्याख्या एका ओळीत मावते. ज्या पायावर फिरताय, त्याची मांडी निदान बर्फाला समांतर हवी. शिवाय ती स्थिती सलग २ फेऱ्या टिकली तरच धरायची. बस्स. दुसरा पाय किती ताणला, पाठ किती वाकली, यावर बैठक ठरत नाही. कंबरेत वाकून डोकं खाली नेलं की बघणाऱ्याला वाटतं, केवढी खाली बसली! मांडी मात्र तिरकीच असते. भार ज्या पायावर, तपासायचा तोच पाय.

आजी शेजारी खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, "यात का आहे बाबू? मोहं वेचाले आमी अशेच बसतो."

खरं तर उकिडवं बसणं दोन पायांवरचं, आणि त्यात फिरायचंही नसतं. पण मांडीचं म्हणाल तर ती समांतरच्याही खाली, थेट पोटरीला टेकलेली. म्हटलं बघू, आणि बसायला गेलो. टाचा उचलल्या, मांडी अर्ध्यावर अडकली. मग मी गुपचूप पाठ वाकवली.

"वाकू नोको, बस," आजी म्हणाली. नियम न वाचता पकडलं तिने!

"मग तूच दाखव," मी बोलून गेलो. आजी नुसती हसली आणि गुडघ्यावरून हात फिरवला. तेव्हा लक्षात आलं, ती 'बसतो' म्हणाली होती, 'बसत होतो' नाही. दोन वर्षांपासून तिचे गुडघे वाकत नाहीत. यंदा ती मोहाखाली गेलेलीच नाही, आणि मी फोनवर कधी विचारलंही नव्हतं. वय वर्षं अठ्ठावीस, नोकरी खुर्चीवरची, आणि आजीपुढे गमजा!

दुसऱ्या दिवशी पहाटे आईबरोबर मोहं वेचायला गेलो. पाच मिनिटं बसायचो, मग उभा राहून कंबर धरायचो. माझी टोपली निम्मीही भरली नाही. आई मात्र बसल्या बसल्याच पुढे सरकत होती.

परत आल्यावर आजीने टोपलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"बसता आलं का गा?"

"थोडं थोडं."

"मंग उद्या अजून जाजो."

उद्या सोमवार होता. असो. आता इथे रोज सकाळी दाराची चौकट धरून बसायचा प्रयत्न चालू आहे. मांडी अजून समांतर झालेली नाही.